दगडाबाईंनी बसवलेली बेंबी

शिवलिंगप्पा हत्तुरे सोलापूरच्या एका सूतगिरणीत टाइमकीपर होते. कोणता कामगार किती मिनिटं उशिरा आला हे त्यांना तोंडपाठ असे, पण स्वतःचं पोट कधी काय करील याचा पत्ता नसे. अगदीच नसे असंही नाही. काही महत्त्वाचं काम निघालं की ते बिघडणार, एवढं नक्की असे. नोकरीच्या मुलाखतीत साहेबांनी "नाव काय?" असं विचारलं, तेव्हा हे "आलोच" म्हणून जे उठले ते पंधरा मिनिटांनी परत येऊन नाव सांगते झाले. स्वतःच्या लग्नात अक्षता पडायला दोन मिनिटं उरली असताना नवरदेव बोहल्यावर नव्हता. नवरीच्या, म्हणजे गौरम्माच्या माहेरच्यांनी, मुलगा पळाला म्हणून, माणसं स्टेशनवर धाडली होती.

गेल्या दिवाळीनंतर डॉक्टरांनी त्यांच्या पोटाचे फोटो काढले आणि निकाल दिला.

"पोटात काही दोष नाही. आतडं चिडखोर आहे, एवढंच. ताण आला की चिडतं. मनावर घेऊ नका."

"मनावर नाही घेत हो डॉक्टर," शिवलिंगप्पा काकुळतीला येऊन म्हणाले, "पोटावरच घेतो."

घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं, "आतडं चिडखोर आहे म्हणे."

"आतडंच का?" गौरम्मा भाकरी थापता थापता म्हणाली. "बाकीचं काय लई शांत आहे?"

असं हसतखेळत आणखी वीस वर्षंही गेली असती. पण संक्रांत जवळ आली आणि काठीचा प्रश्न उभा राहिला. सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वजाच्या काठ्या निघतात. एकेक काठी तीस फुटांच्या वर. कमरेच्या चामडी पट्ट्यात तिचं बूड टेकवायचं, ती उभी धरायची आणि तोल सांभाळत आपल्या वाट्याचा रस्ता चालायचा. शिवलिंगप्पांच्या वडिलांनी असा एक टप्पा बावीस वर्षं चालून दाखवला होता. ते गेल्यावर तो मान मुलाकडे आला आणि मुलानं चार वर्षं ओळीनं तो घालवला. दर वर्षी काठी समोर आली की ते पोटावर हात ठेवून "आलोच" म्हणत आणि नाहीसे होत. मग त्यांचा मेहुणा भीमाशंकर पुढे होई आणि काठी घेऊन ऐटीत निघे. बाळीवेशीतली पोरं आता शिवलिंगप्पांना तोंडावर अप्पा आणि मागे 'आलोच अप्पा' म्हणत.

काठ्यांचा सराव बघणारे गुरुलिंगअण्णा मात्र शिवलिंगप्पांच्या वडिलांचे जिवाभावाचे दोस्त होते. त्यांनी डिसेंबरात शिवलिंगप्पांना बोलावून घेतलं.

"शिवलिंगा, सरावाच्या शेवटच्या रविवारी बाळीवेशीपासून पंचकट्ट्यापर्यंत काठी नेऊन दाखव. वर दगड बांधलेला असणार, हे लक्षात ठेव. नेलीस तर टप्पा तुझा. मधेच 'आलोच' म्हणालास तर काठी कायमची भीमाशंकरची. मी पण किती वर्षं तुझी बाजू घेऊ?"

शिवलिंगप्पांना हे फार लागलं. वडिलांच्या जागी एकदा तरी उभं राहावं असं त्यांना मनापासून वाटे. रात्री डोळे मिटले की काठी दिसे, आणि सकाळी डोळे उघडले की संडास. त्या दिवशी घरी येताना त्यांनी ठरवून टाकलं. या खेपेला काठी न्यायची. पोटाला यायचं असेल तर येऊ दे, नसेल तर पोट घरी ठेवून जाऊ.

"भीमाशंकरला देऊन टाका की," गौरम्मा म्हणाली. "काठी घरातच राहील."

"तुझ्या घरात राहील. माझ्या नाही."

नवऱ्याच्या आवाजातला हा टणकपणा गौरम्मानं सोळा वर्षांत ऐकला नव्हता. तिला बरंही वाटलं आणि काळजीही वाटली. तिनं शेजारणींना विचारून दुसऱ्याच दिवशी मंद्रूपला निरोप धाडला आणि तिथल्या दगडाबाईंना बोलावून घेतलं.

दगडाबाई म्हणजे बेंबी बसवण्यातलं मोठं नाव. जड उचलून, पाय घसरून किंवा नुसत्या भीतीनंही माणसाची बेंबी जागची हलते आणि मग पोट कुणाचं ऐकत नाही, असं जाणती माणसं सांगतात. हलली तर बसवावी लागते. दगडाबाई पहाटेच्या एसटीनं आल्या. वय साठीचं, अंग काटकुळं, आणि हात मात्र एखाद्या पैलवानाचे. आल्या आल्या त्यांनी शिवलिंगप्पांना चटईवर उताणं पाडलं. त्यांच्या तोंडाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"तोंड काय बघायचं? तोंड खोटं बोलतंय. पाय जुळवा."

शिवलिंगप्पांनी पाय जुळवले. दगडाबाईंनी दोन्ही पायांचे अंगठे निरखले.

"ह्यो आंगटा वर, ह्यो खाली. बेंबी सरकलीया. चांगली चार बोटं डावीकडं. कवापास्नं तरास हाय?"

"लग्नापासून."

"लग्नाच्या आधीपासून," गौरम्मानं आतून दुरुस्ती केली. "माझ्यावर नका घालू."

मग काम सुरू झालं. अनशापोटी, एरंडेलाचा हात लावून, दगडाबाईंची बोटं पोटावर गोल गोल फिरू लागली. बोटं फिरत होती तशी जीभही फिरत होती. त्यांची एक म्हैस होती. ती दूध काढू देत नसे, नुसती बघत राही. शेवटी दगडाबाईंनी तिला रोज गावातल्या भानगडी सांगायला सुरुवात केली, तेव्हा कुठं ती पान्हा सोडू लागली. हे ऐकता ऐकता शिवलिंगप्पांचे डोळे मिटले. त्यांच्या पोटावर आजवर डॉक्टरांनी ठोकलं होतं, दाबलं होतं. पण घाई न करता हात कुणी ठेवला नव्हता. पुढे बेंबीवर कणकेचा दिवा ठेवला गेला, त्यावर तांब्या उपडा पडला, दिवा विझून तांब्यानं पोट ओढून धरलं आणि थोड्या वेळानं टप्प असा आवाज करून सोडलं, तरी ते जागे झाले नाहीत. जागे झाले तेव्हा दोन्ही अंगठ्यांना काळा दोरा होता, तोंडात शिऱ्याचा घास होता आणि दगडाबाई पथ्य सांगत होत्या.

"एकवीस दीस जड काय उचलायचं न्हाय. पान्याची बादली न्हाय, जवारीचं पोतं न्हाय, लेकरू बी न्हाय. शिंक आली तर बसून शिंकायचं. तीस वर्सं झाली, धा गावांत माजं नाव हाय. माज्या हातची बेंबी आजवर सरकली न्हाय. सरकली तर नाव गेलं म्हनून समजा."

शिवलिंगप्पांनी मनात हिशेब केला. परीक्षेचा रविवार एकोणीस दिवसांवर होता, आणि त्याआधी सराव. काठीबद्दल सांगावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात गौरम्मा म्हणाली, "ते कशाला उचलतील? मी बघते ना. काठीचं काय, माझा भाऊ आहे."

शिवलिंगप्पांनी तोंड मिटलं. बेंबीही बसवायची आणि काठीही उचलायची, असं त्यांनी ठरवलं. दोन्ही गोष्टी एकमेकींना कळल्या नाहीत म्हणजे झालं.

सहा दिवस पोट असं गुणी वागलं की शिवलिंगप्पांना ते दुसऱ्याचं वाटू लागलं. त्यांनी कडक भाकरीवर शेंगाचटणी खाल्ली, वर तेल ओतून घेतलं, तरी आतून हूं की चूं नाही. रविवारी संध्याकाळी "गिरणीत जादा काम आहे" असं सांगून ते सरावाला गेले. दगड बांधलेली काठी त्यांनी पट्ट्यात घेतली आणि पन्नास पावलं नेलीसुद्धा. पण एक्कावन्नाव्या पावलाला त्यांना दगडाबाईंचं पथ्य आठवलं आणि आत काहीतरी सरकल्यासारखं वाटलं. सोमवारी सकाळी पोटानं मागच्या सहा दिवसांचं सगळं काम एकदम उरकलं.

पुन्हा एसटी, पुन्हा चटई, पुन्हा अंगठे.

"काय उचललंसा?"

"काही नाही."

"शिंकलासा?"

"शिंकलो," शिवलिंगप्पांनी मिळेल तो आधार धरला.

"उभ्यानं?"

"...उभ्यानं."

दगडाबाईंनी नाक फेंदारून बेंबी पुन्हा बसवली. गुरुवारी शिवलिंगप्पा पुन्हा चोरून सरावाला गेले, सत्तर पावलं चालले आणि शुक्रवारी पुन्हा आडवे झाले.

"आता काय झालं?"

"जांभई आली होती. मोठी."

"जांभईनं बेंबी सरकत न्हाय, अप्पा. जांभईनं जबडा सरकतोय." दगडाबाई उठल्या आणि पदर खोचून भिंतीला टेकून बसल्या. "माज्या हातची बेंबी दोनदा सरकली. ही गोष्ट मंद्रूपला कळली तर लोक माज्याकडं म्हस बी दावायचे न्हायत. जवर कारन घावत न्हाय, तवर मी हितनं हालत न्हाय."

आणि त्या खरोखरच हलल्या नाहीत. त्यांनी निरोप धाडून मंद्रूपहून बोचकं मागवलं आणि शिवलिंगप्पांवर पहारा बसवला. सकाळी अंघोळीची बादली गौरम्मा उचले. गिरणीत जाताना डबा दगडाबाई घेत आणि दहा पावलं मागून चालत. गेटवर त्या पहारेकऱ्याला बजावून सांगत, "ह्यांच्या हातात रजिस्टर दिऊ नगा. वझं हाय." टाइमकीपरच्या मागे रोज एक म्हातारी कशासाठी येते, यावर खात्याखात्यांत पैजा लागल्या. शिवलिंगप्पा संध्याकाळी "देवळात जातो" म्हणाले, तर दगडाबाईही देवळात आल्या आणि घंटा त्यांनी स्वतः वाजवली. हात वर करायला नको म्हणून.

त्यात चाळीतल्या लोकांना कळलं, की शिवलिंगप्पांच्या घरी बाई मुक्कामाला आली आहे. चाळीत अकरा बिऱ्हाडं. प्रत्येक बिऱ्हाडात एखादं पोट होतंच. दगडाबाई रिकाम्या बसायला कंटाळल्या होत्या. त्यांनी रोज सकाळी दोनतीन पोटं घ्यायला सुरुवात केली, आणि प्रत्येकाला आदल्या दिवशी एरंडेल प्यायला लावलं. चाळीला संडास दोन. परिणाम व्हायचा तो झाला. पहाटे पाच वाजता तिथे तांबे घेऊन रांग उभी राहू लागली, आणि ज्यांच्या पोटापायी हे सगळं घडलं ते शिवलिंगप्पा एके दिवशी तिच्यात नववे होते.

"मला जरा पुढे सोडता का?" त्यांनी विचारलं.

"अप्पा, तुमची बेंबी बसलीय की," आठवा म्हणाला. "आमची अजून बसायचीय."

शिवलिंगप्पा दात आवळून उभे राहिले. आठ माणसं जाऊन आली आणि ते उभेच होते. आत गेल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की आपण पाऊण तास धीर धरला. बाळीवेशीपासून पंचकट्ट्यापर्यंत काठी न्यायला एवढाच वेळ लागतो. काठीचा सराव बंद पडला होता, पण खरा सराव हा होता. दुसऱ्या दिवसापासून ते आपण होऊन रांगेत शेवटी उभे राहू लागले.

शेवटच्या शनिवारी भीमाशंकर बहिणीकडे आला. येताना मुद्दाम पोटावर हात धरून आला.

"अक्का, माझं पण बघायला सांग की. दाजींना काय पथ्य दिलंय मावशींनी?"

गौरम्मा भोळेपणानं सगळं सांगून बसली. जड उचलायचं नाही हे ऐकल्यावर भीमाशंकरचं पोट एकदम बरं झालं. चहा पिऊन तो हसत हसत गेला.

रविवार उजाडला. शिवलिंगप्पांनी काठी धरताना घालायची पांढरी बाराबंदी पिशवीत कोंबली आणि "केस कापून येतो" असं सांगितलं. दगडाबाईंपुढे त्या दिवशी चार पोटं पडली होती, त्यामुळे पहारा ढिला होता.

"जावा. पर न्हाव्याला म्हनावं, मान लई वाकवू नगं."

शिवलिंगप्पा गेले आणि दहाव्या मिनिटाला भीमाशंकर दारात उभा राहिला.

"मावशी, तुमचा पेशंट तिकडं बाळीवेशीत काठी उचलतोय. तीस फुटाची. वर दगड. म्हटलं, तुम्हाला माहीत असलेलं बरं."

दगडाबाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. शिंक, जांभई, जादा काम, सगळ्याचा उलगडा झाला. त्या तशाच उठल्या. एका शेजाऱ्याच्या पोटावर तांब्या उपडा बसला होता, तो "बाई, हे काढून जा!" म्हणून ओरडत राहिला. गौरम्मानं भावाकडे एकदा पाहिलं. त्या पाहण्यात पुढच्या भाऊबिजेचं काही खरं नव्हतं. मग तीही चपला शोधत मागून धावली.

बाळीवेशीत शिवलिंगप्पांनी काठी पट्ट्यात घेतली होती. दोन्ही हात काठीला, नजर वर टोकाशी, आणि पुढे गुरुलिंगअण्णा. जेमतेम तीस पावलं झाली होती.

"अप्पा! खाली ठिवा ते झाड!"

लोक हसले. वर दगड हेलकावला.

"बाई, बाजूला व्हा," गुरुलिंगअण्णा गरजले. "उचललेली काठी मधे ठेवत नाहीत."

भीमाशंकर धापा टाकत मागून आला. "अण्णा, दाजींची बेंबी सरकलेली आहे. ह्या मंद्रूपच्या दगडाबाई, ह्यांनीच बसवलीय. आता सगळ्यांनी बघा, टिळक चौक यायच्या आत सुटते की नाही!"

हे बोलायला नको होतं. दगडाबाई गर्रकन वळल्या. तीस वर्षांचं नाव भर रस्त्यात, शेदोनशे माणसांपुढे पणाला लागलं होतं. काठी ठेवा म्हणावं, तर आपल्या हातावर आपलाच भरवसा नाही असं होतं. चाला म्हणावं, तर आपलंच पथ्य आपण मोडतो. त्यांनी एकदा भीमाशंकरकडे पाहिलं, एकदा शिवलिंगप्पांच्या पोटाकडे पाहिलं.

"कोन म्हनतंय सुटंल? माज्या हातची हाय ती! चला अप्पा. सरकली तर माज्याशी गाठ हाय."

शिवलिंगप्पा निघाले. दगडाबाई त्यांच्या तोंडासमोर, उलट्या पावलांनी, एक डोळा पोटावर ठेवून चालू लागल्या. शंभर पावलं झाली. दोनशे झाली. टिळक चौकात गर्दी दाटली होती. पट्टा कमरेत रुतत होता, हात भरून आले होते. आणि तिथेच ती ओळखीची कळ आली. आधी बारीक, मग मोठी, मग तिनं पोटात खुर्ची ओढून बैठकच मारली. शिवलिंगप्पांच्या कपाळावर घाम आला. त्यांचे ओठ हलले.

"आ..."

भीमाशंकर पट्टा बांधून पुढे सरसावला.

"आमची म्हस हाय न्हवं," दगडाबाई एकदम मोठ्यानं म्हणाल्या, "तिनं परवा काय केलं ठावं हाय का?"

गर्दी चक्रावली. शिवलिंगप्पांचे ओठ मिटले.

"कोंडीबाच्या वावरात शिरली. कोंडीबा काठी घिऊन आला. तर ही पळायची सोडून त्याच्याकडं नुसती बघत बसली. बघत बसली, बघत बसली. शेवटाला त्योच लाजला आन् घरला गेला."

बोलता बोलता त्यांचा उजवा हात हवेत गोल गोल फिरत होता. समोर पोट नव्हतं, एरंडेल नव्हतं, पण हात फिरत होता, सावकाश, घाई न करता. शिवलिंगप्पांनी काठीच्या टोकावरची नजर काढली नाही. तरी त्यांना तो हात कळत होता. म्हशीनं पुढे कोंडीबाच्या बायकोलाही लाजवलं. मग तलाठ्याला. आत बसलेली कळ थोडा वेळ ऐकत राहिली आणि कोणत्या वळणावर उठून गेली ते शिवलिंगप्पांनाही समजलं नाही. गौरम्मा कडेनं चालत होती. तिला रडू आवरत नव्हतं आणि ती ते आवरतही नव्हती.

पंचकट्टा आला. काठी दुसऱ्या हातांत गेली आणि "हर्र बोला हर्र" असा गजर उठला. शिवलिंगप्पांचे हात मोकळे झाले, तरी ते काठी धरल्यासारखे पुढेच राहिले होते. पोट शांत होतं. बाप गेल्यावर पाच वर्षांनी त्यांना पहिल्यांदा वाटलं, की आता वडिलांच्या फोटोसमोर मान वर करून उभं राहता येईल. गुरुलिंगअण्णांनी हातात हार घेतला होता.

"शिवलिंगा, ये. सगळ्यांपुढं ये."

ते पुढे पाऊल टाकणार, इतक्यात त्यांची बाही कुणीतरी ओढली. दगडाबाई होत्या. चेहरा पांढराफटक पडला होता आणि दोन्ही गुडघे एकमेकांना चिकटले होते.

"अप्पा," त्या पुटपुटल्या, "हितं कुटं जागा हाय का?"

"कसली जागा?"

"तुमी इचारताय, कसली?"

शिवलिंगप्पांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि त्यांना सगळं कळलं. पाऊण तास त्या बाईचं तीस वर्षांचं नाव दुसऱ्याच्या पोटावर टांगलेलं होतं. नाव वाचलं होतं, पण तेवढ्या ताणाचं उत्तर आता त्यांचं स्वतःचं पोट मागत होतं.

"जल्मात असं झालं न्हवतं ओ. हिकडं समदी बघत्यात. बेंबी बसवनारीच पळाली म्हनून धा गावांत बोंब हुईल."

शिवलिंगप्पांनी अण्णांच्या हातातल्या हाराकडे पाहिलं. भीमाशंकर त्यांच्याकडेच टक लावून उभा होता. या हारासाठी त्यांनी काय काय केलं होतं! एक क्षण त्यांना फार जड गेला. मग त्यांनी दोन्ही हातांनी स्वतःचं पोट गच्च धरलं, कमरेत वाकले आणि सगळ्या पंचकट्ट्याला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "अण्णा, आलोच!"

आणि पळत सुटले. रोग्यामागे वैद्यानं धावावं तशा दगडाबाई मागून धावल्या, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

"पळाला!" भीमाशंकर टाळी वाजवून म्हणाला. "बघा अण्णा! परत पळाला!"

"पळू दे की," अण्णा शांतपणे म्हणाले. "काठी पोचवून पळालाय. टप्पा त्याचाच."

तरी हसायचे ते लोक पोट धरधरून हसलेच. शिवलिंगप्पांना गल्लीच्या तोंडापर्यंत ते हसू ऐकू येत होतं. पण थांबायला वेळ नव्हता. त्या भागात कुणाच्या परसात संडास आहे, कुठे पाणी असतं आणि कुठल्या दाराला आतून कडी लागते, हे अख्ख्या सोलापुरात त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. डावीकडचं तिसरं घर. त्यांनी तांब्या भरून दिला, घरमालकाला "पाहुणी आहे" एवढंच सांगितलं आणि दाराकडे पाठ करून, हाताची घडी घालून, पहाऱ्याला उभे राहिले.

बऱ्याच वेळानं कडी वाजली. दगडाबाई बाहेर आल्या. त्यांनी हातपाय धुतले, तोंडावर पाणी मारलं, पदर सारखा केला. शिवलिंगप्पांच्या तोंडाकडे त्यांनी आज पहिल्यांदाच पाहिलं आणि लगेच नजर फिरवली.

"तुमी कशाला वो तुमचं नाव घालवलंसा?"

"माझं नाव आधीचंच आहे, मावशी. त्यात आणखी एका 'आलोच'ची काय भर पडणार?"

डोळ्यांना पदर लावल्यासारखं दगडाबाईंनी केलं, पण तो तोंड पुसायलाही असेल. मग त्यांनी बोट उगारलं.

"ह्यातलं कुनाला बोललासा, तर बेंबी हाय तितनं उचलून पाठीवर बसवीन."

शिवलिंगप्पांनी मान डोलावली. मग पुन्हा दोन्ही हातांनी पोट धरून, जरासे कण्हत, ते हार घ्यायला पंचकट्ट्याकडे निघाले.